आपल्या चालीरीतींचा अभ्यास कशासाठी?



मागील हिवाळ्यात आपल्या शाळेतील काही विद्यार्थ्यांसमवेत पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक ह्या गावी जाण्याचा योग आला. आचार्य विनोबा भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी ह्या गावी झाला, हे आपण पुस्तकांतून वाचलेच आहे. ते जन्मस्थान डोळ्यांनी पाहावे, एवढाच आमच्या सहलीचा हेतू होता. परंतु गावाच्या पाटीपाशीच आमची मंडळी थबकली. आठवीतील एका मुलाने विचारले, "सर, गागोदे हे गावाचे नाव झाले, मग 'बुद्रुक' म्हणजे काय?" बरोबरीच्या मुलांत आपल्या गावाच्या नावापुढे 'खुर्द' किंवा 'बुद्रुक' लावणारे तिघे चौघे होते. जन्मापासून तो शब्द त्यांच्या तोंडी. पण अर्थ एकालाही सांगता येईना.

अर्थ असा आहे. एकाच नावाच्या दोन वस्त्या झाल्या म्हणजे मोठीस 'बुद्रुक' व धाकटीस 'खुर्द' म्हणत. 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग' म्हणजे वडील किंवा मोठा ह्या शब्दाचे मराठी तोंडात घडलेले रूप होय. 'खुर्द' म्हणजे लहान, हाही शब्द फारसीच. ज्या काळी मुसलमानी राजवटींचे दप्तर फारसीत चाले, त्या काळाची ही खूण आहे. राजवट गेली, दप्तर गेले. शब्द मात्र पाटीवर राहिला, आणि इतका आपला झाला की तो परका होता हेही आपण विसरलो. ह्या लहानशा प्रसंगाने मला प्रस्तुत लेखाचा विषय दिला.

संस्कृती हा शब्द ऐकताच आपल्या मनापुढे देवळे, लेणी, काव्ये आणि थोर पुरुष उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु संस्कृती तेवढ्याने संपत नाही. आपण अन्न कसे शिजवितो, कोणास आधी वाढतो, कोणाच्या घरचे पाणी पितो, मुलगी सासरी निघाली म्हणजे काय म्हणतो, गावाची कोणती वाट कोणासाठी असते, ह्या सर्वांची मिळून संस्कृती होते. जे आपण विचार न करता करितो, त्यातच तिचा मोठा वाटा असतो. म्हणूनच तिचा अभ्यास अवघड आहे. दूरचा डोंगर चटकन दिसतो; नाकावरचा चष्मा दिसत नाही.

हा अभ्यास करणारे विद्वान चार गोष्टी करितात. प्रथम ते नीट पाहतात. मग ज्यांची रीत असेल त्यांनाच विचारतात. तिसरे, मिळालेले उत्तर दुसऱ्या गावाशी, जुन्या कागदांशी व शब्दांशी ताडून पाहतात. शेवटी त्या रीतीचे कारण शोधतात, व त्या कारणाच्या उजेडात आजचा समाज पुन्हा पाहतात. डॉक्टर इरावती कर्वे ह्यांनी पंढरीच्या वारीत स्वतः चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. ज्या दिंडीत सर्वजण एका सुरात भजन करितात, तेथेच जेवणाची पंगत मात्र जातीप्रमाणे निराळी बसते, हे त्यांनी पाहिले व लपवून ठेविले नाही. ग्रंथालयात बसून भक्तीची समता दिसली असती. वाटेने चालल्यामुळे त्या समतेची सीमाही दिसली. आजही आपण सभेत एक होतो आणि जेवावयास बसताना निराळे का होतो, हे त्या निरीक्षणावरून समजू लागते.

आता आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणे घेऊ.

हा जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा ह्या नावाने ओळखला जाई. ह्याच्या किनाऱ्यावरील गावांत तेलाचे घाणे चालविणारे काही लोक शतकानुशतके राहत असत. ते मराठी बोलत, येथल्यासारखाच वेष करीत. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकऱ्यांनी हे पाहिले आणि त्यांस 'शनिवार तेली' असे नाव दिले. पाहणे घडले, विचारणे घडले नाही. वस्तुतः ते बेने इस्राएल, म्हणजे यहुदी लोक होते. आपले पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे तारू फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. बायबलातील जुना करार ज्याने वाचला आहे त्यास शनिवारच्या विसाव्याचा अर्थ सांगावयास नको. तो त्यांचा शब्बाथ होता. पुष्कळसा धर्मग्रंथ त्यांच्या हातून सुटला होता, तरी विसाव्याचा दिवस सुटला नव्हता. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे पाहा: धर्म दूर देशीचा, आडनाव ह्या मातीचे. पेण व अलिबाग येथे त्यांची प्रार्थनामंदिरे आहेत. १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आणि तेथेही अनेकांनी घरात मराठी राखली. "अमुक लोक परके, अमुक आपले" असे जेव्हा आजकाल कोणी चटकन बोलून जातो, तेव्हा पेणकर हे आडनाव आठवावे. परका व आपला ह्यांमधील रेघ आपण समजतो तितकी सरळ नसते.

दुसरे उदाहरण जात्याचे. विनोबांनी आपल्या मातोश्री रुक्मिणीबाई ह्यांच्याविषयी फार भक्तीने लिहिले आहे. गीतेचे संस्कृत त्या माउलीस कळत नसे, म्हणून तिने पुत्रास सोप्या मराठीत गीता करावयास सांगितली. ती हयात असता हे घडले नाही. १९१८ साली ती वारली, आणि १९३० ते १९३१ ह्या काळात विनोबांनी 'गीताई' रचिली. ह्या गोष्टीतून एक प्रश्न निघतो. ज्या स्त्रीस संस्कृत येत नव्हते, जिला शाळा लाभली नव्हती, अशा लक्षावधी स्त्रियांपाशी ज्ञानाचे स्वतःचे भांडार काहीच नव्हते काय?

होते, आणि ते जात्यावर होते. पहाटे दळताना बाया ओव्या म्हणत. ओवी हा छंद मराठीचा प्राण आहे. ज्ञानेश्वरी ओवीत आहे. आणि इंग्लंडातून गोव्यास आलेले पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तचरित्र मराठीत सांगावयाचे ठरविले, तेव्हा १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण'ही ओवीतच अवतरले. परंतु पंडितांच्या ओव्या ग्रंथांत राहिल्या, आणि बायांच्या ओव्या पिठाबरोबर उडून गेल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती थांबली, व गाणेही थांबले. गिरणी वाईट होती असे नव्हे. बायांच्या खांद्यांचे कष्ट तिने वाचविले. पण त्या कष्टाच्या आधाराने जे बोलले जाई, त्यास दुसरी जागा मिळाली नाही.

ह्या ओव्यांचे महत्त्व साने गुरुजींनी ओळखले व 'स्त्रीजीवन' ह्या नावाने त्यांचा संग्रह केला. पुढे पुण्यातील हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथे स्थायिक झालेले गी पॉइटव्हँ ह्या दोन अभ्यासकांनी खेड्यांतील स्त्रियांस सोबत घेऊन हे कार्य फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या. पुष्कळशा ध्वनिमुद्रितही केल्या. ह्या ओव्यांत सीतेचा वनवास आहे, पंढरीचा विठ्ठल आहे, सासुरवास आहे, आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ज्यांस आपण निरक्षर म्हणून बाजूस सारिले, त्या स्त्रिया आपल्या काळाविषयी विचार करीत होत्या, हे त्यावरून सिद्ध होते.

आता ह्या अभ्यासाचा आजच्या समाजाशी संबंध काय, तो पाहा. ओव्यांत भावाचे गुणगान पदोपदी येते. भाऊ भेटीस येतो, चोळी घेतो, बहिणीस माहेरी नेतो. असे का असावे? सासरी गेलेल्या मुलीस माहेर हाच एक आधार. आणि आई-बाप गेल्यावर त्या माहेराचे दार भावाच्या हाती. त्याचा लोभ राखणे ही केवळ माया नव्हे, तर ते तिचे संरक्षणही होते. आता कायद्याकडे वळू. हिंदू कुटुंबांत वडिलार्जित मिळकतीवर मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व सर्व देशात २००५ साली मान्य झाला. ख्रिस्ती कुटुंबांत तर मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलगा व मुलगी ह्यांना सारखाच वाटा १९२५ च्या कायद्याने दिला आहे. तरीही बहिणी तलाठ्याकडे किंवा निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करितात, ही आपल्या नित्याच्या पाहण्यातील गोष्ट आहे. शिकलेला मनुष्य म्हणतो, "बायकांना कायदा कळत नाही." ओव्या वाचलेला मनुष्य असे म्हणणार नाही. त्या भगिनीस कायदा कळतो. पण जमिनीचा वाटा मागितला तर माहेराचे दार लागेल, हे भय तिला अधिक जुने व अधिक ओळखीचे आहे. जोवर भावाचे प्रेम आणि बहिणीचा हक्क हे एका घरात नांदत नाहीत, तोवर कायदा कागदावर राहणार. जात्यावरचे गाणे आणि कचेरीतील कागद ह्यांचा असा संबंध आहे. हे वाचणाऱ्या पालकांनी आपल्या घरातील कागदही एकदा ह्या दृष्टीने पाहावेत, अशी माझी त्यांस नम्र विनंती आहे.

तिसरे उदाहरण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. ते सांगताना संकोच वाटतो, परंतु शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कातकरी समाजाचा एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर नेटके. दिवाळीची सुटी संपली आणि त्याचा बाक रिकामा राहिला. नाताळ गेला, संक्रांत गेली, तरी तो आला नाही. मी हजेरीपटावर लाल शाईने खुणा करीत राहिलो, आणि वार्षिक शेऱ्यात लिहिले, "पालकांस शिक्षणाची आस्था नाही." बोलता बोलता असेही म्हणालो की, ह्या लोकांस भटकण्याचीच आवड. पुढे मे महिन्यात काही कामानिमित्त मी खाडीकडील एका वीटभट्टीवर गेलो, तो समोर हाच मुलगा. त्याची आई चिखल तुडवीत होती, बाप साच्यात विटा पाडीत होता, आणि हा धाकट्या बहिणीस कडेवर घेऊन कच्च्या विटा उलटून ठेवीत होता. मला पाहताच त्याने हात धुतले आणि नमस्कार केला. बाप म्हणाला, "सर, पावसात उचल घेतली होती. ती फिटल्याबगर जाता येत नाय." मजपाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर मी वाचावयास लागलो. कातकरी हे नाव 'कात' ह्यावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा ह्या लोकांचा जुना धंदा. वनांवर सरकारी ताबा बसला, १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले झाली, आणि ज्या झाडांवर त्यांचा संसार उभा होता ती झाडे त्यांच्यापुरती चोरीचा माल ठरली. मग ते कोळसा पाडावयास ठेकेदारांकडे गेले, आणि पुढे वीटभट्ट्यांकडे. पावसाळ्यात हाताला काम नसते. चूल पेटावी म्हणून मालकाकडून उचल घ्यावयाची, आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब घेऊन ती फेडावयास जावयाचे. पाऊस जवळ आला म्हणजे परत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. परंतु उचलीचा दोर कायद्यास सहज दिसत नाही. श्री. वेलिंग ह्यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर किती पावसाळे गेले! आज सरकार ह्या जमातीची गणना अतिशय दुर्बल आदिवासी समूहांत करिते.

म्हणजे ज्यास मी 'भटकण्याची आवड' म्हटले, ती आवड नव्हती. तो दीडशे वर्षांचा इतिहास होता. माझ्या वर्गातील तो बाक खैराचे जंगल बंद झाले तेव्हापासूनच रिकामा होऊ लागला होता. जे आपल्यास स्वभाव म्हणून दिसते, ते पुष्कळदा परिस्थितीने लावलेले वळण असते. संस्कृतीचा अभ्यास मला जर एकच गोष्ट शिकविता झाला असेल, तर ती ही.

अभ्यासाने केवळ समज वाढते, उपयोग काहीच नाही, असे कोणी म्हणेल. त्यास मी आपल्याच भागातील आणखी एक काम दाखवीन. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर ह्यांनी कातकऱ्यांच्या वाड्यांविषयी केलेले संशोधन २०१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या. परंतु घराखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्याच नावाची. मुंबईच्या सान्निध्याने जमिनींचे भाव चढले, कुंपणे पडू लागली, आणि वाडी उठविण्याचे भय उभे राहिले. ह्या संशोधनाचा विशेष असा की, वाडीतील लोकांनीच आपली घरे मोजली, नकाशे काढले, जुन्या आठवणी जुळविल्या, व आपली वस्ती गावठाण म्हणून मान्य व्हावी ह्यासाठी काय करावे ह्याचा विचार केला. येथे अभ्यासाचा विषय असलेला मनुष्य स्वतःच अभ्यासक झाला. ज्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान स्वीकारिले आणि पुढे वर्षानुवर्षे भूमिहीनांसाठी देशभर पायी प्रवास केला, त्यांच्या जन्मजिल्ह्यात घराखालच्या जमिनीचा प्रश्न असा उभा असावा, हे गागोद्यास गेलेल्या प्रत्येकाने मनात आणावे.

परंतु ह्या विद्येस एक दुसरी बाजूही आहे, आणि ती तुम्हांस न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजी अमदानीत ए. एम. टी. जॅक्सन ह्या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून लोकांच्या समजुती, सण, व्रते ह्यांची माहिती गोळा केली. उत्तरे देणाऱ्यांत आपल्या ह्या जिल्ह्यातील मास्तरही होते. जॅक्सन ह्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे वध झाला. त्यानंतर त्यांनी जमविलेले कोकणातील साहित्य १९१५ साली एन्थोवेन ह्यांनी प्रसिद्ध केले. आज ते पुस्तक अभ्यासकांस मोलाचे आहे. तथापि त्याच राजवटीने १८७१ साली कायदा करून पुढे अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि तो कलंक १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांच्या कपाळी राहिला. माहिती गोळा करणे एक, आणि मनुष्य समजून घेणे दुसरे. वहीत नावे लिहिणारा हात प्रेमाचा आहे की पहाऱ्याचा, हे पाहिले पाहिजे. माझ्या हजेरीपटावरील लाल खुणाही एक प्रकारची माहितीच होती. ती खरी होती, आणि तरीही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

म्हणून ह्या अभ्यासाचे तीन नियम मी माझ्यापुरते करून ठेविले आहेत. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्यालाच आधी विचारावे. दुसऱ्याची रीत तपासण्यापूर्वी आपल्या घरची तपासावी. आणि 'हे लोक असेच' हे वाक्य ओठांवर आले की थांबून 'असे का?' हा प्रश्न घालावा. येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेला जखमी मनुष्य याजकानेही पाहिला आणि लेव्यानेही पाहिला. पाहण्यात ते कमी पडले नाहीत. जवळ जाण्यात कमी पडले. खरा अभ्यास जवळ जाण्यापासून आरंभ होतो.

उन्हाळ्याच्या सुटीत करण्यासाठी थोडा अभ्यास देतो. ह्यास मोठी पुस्तके लागत नाहीत. एक वही व घरातील वडील माणसे पुरेत.

१. आपल्या गावाच्या, वाडीच्या व आडनावाच्या नावाचा अर्थ वडिलांस विचारून लिहा. तीन माणसांनी तीन अर्थ सांगितले तर तिन्ही लिहा.

२. आजीस किंवा शेजारच्या वृद्ध बाईस जात्यावरची ओवी आठवते काय, ते विचारा. ती जशी म्हणेल तशीच उतरा. शुद्ध करू नका. शेवटी तिचे नाव लिहावयास विसरू नका, कारण ओवी तिची आहे.

३. आपल्या घरात शेवटी कोण जेवते, ते आठ दिवस पाहा. मग कारण विचारा.

४. आपल्या वर्गातील कोणता बाक वर्षातून काही महिने रिकामा असतो? तेथे बसणारा कोठे जातो, आणि का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास ठाऊक आहे असे विद्यार्थी ह्याच शाळेत आहेत. त्यांनी लाजू नये. ह्या विषयात ते आम्हा शिक्षकांचे गुरू आहेत. तो मुलगा पुढच्या जूनमध्ये पुन्हा शाळेत आला, तेव्हा मी जुना शेरा खोडून त्या जागी दुसरा लिहिला: "कुटुंबासह कामावर, अभ्यास भरून काढण्यास शाळेने साह्य करावे." शेरा बदलल्याने उचल फिटत नाही, हे मी जाणतो. परंतु शेरा बदलल्यावर आम्हांस संध्याकाळचा एक तास त्याच्यासाठी काढणे भाग पडले, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर भट्टीवर जाताना तो पुस्तके बरोबर घेऊन गेला.